न ऐकलेला ‘गो अराउंड’

22 मे 2010. सकाळचे सहा वाजून गेले होते. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737 मंगळूरच्या धावपट्टीकडे येत होतं. त्या टप्प्यावर जेवढी उंची हवी, त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर ते होतं. सहवैमानिकाच्या हे लक्षात आलं. उतरणं सोडून द्या, पुन्हा वर चला, असं त्याने कॅप्टनना सांगितलं. वैमानिकांच्या भाषेत याला ‘गो अराउंड’ म्हणतात. त्याने ते तीनदा सांगितलं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाही सतत बोलत होती. कॅप्टन उतरत राहिले. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर पाच हजारांहून अधिक फूट मागे पडल्यावर चाकं टेकली. पुढे टेकडी संपत होती आणि खाली दरी होती. 166 पैकी 158 जण गेले.

7 ऑगस्ट 2020. तीच कंपनी, त्याच जातीचं विमान, निघालेलंही दुबईहूनच. करोनाकाळात परदेशात अडकलेल्यांना ते ‘वंदे भारत’ मोहिमेत कोझिकोडला आणत होतं. ही धावपट्टीही टेकडीच्या माथ्यावरची. धो धो पाऊस, मागून वारा. साधारण 8,850 फुटांच्या धावपट्टीवर 4,400 फूट ओलांडल्यावर विमान टेकलं. इथेही सहवैमानिकाच्या तोंडून ‘गो अराउंड’ आलं, इथेही ते अमलात आलं नाही. 190 पैकी 21 जण मृत्यू पावले. दोन्ही वैमानिक त्यांत होते.

दोन्ही चौकशी अहवालांत अपघाताचं कारण म्हणून वैमानिकाची चूक नोंदवलेली आहे. ती नोंद बरोबरच आहे. उतरण नीट बसत नसेल तर ती सोडायची, हा नियम प्रत्येक वैमानिकाला शिकवलेला असतो आणि दोन्ही वेळा तो मोडला गेला. पण दहा वर्षांच्या अंतराने तीच चूक, त्याच कंपनीत, तशाच धावपट्टीवर होते तेव्हा दोष एका माणसापाशी थांबत नाही. ‘वैमानिकाची चूक’ या निष्कर्षापाशी चौकशी सुरू झाली पाहिजे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा तिथेच संपते. माझा सगळा आक्षेप यावर आहे.

मंगळूरच्या अपघाताची चौकशी हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात सुमारे दोन तासांचे आवाज होते. त्यातल्या दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपलेले होते, त्यांचं घोरणं त्यात स्पष्ट ऐकू येतं. उतरण्याच्या थोडंच आधी ते जागे झाले. गाढ झोपेतून उठलेला माणूस डोळे उघडल्यावरही काही काळ पुरता भानावर नसतो, त्याची निर्णयशक्ती मंदावलेली असते. रात्री मंगळूरहून निघून दुबई गाठायची आणि पहाटे परत यायचं, असं ते वेळापत्रक होतं. शरीर सर्वाधिक झोप मागतं ते याच प्रहरात. हे वेळापत्रक वैमानिकाने आखलेलं नव्हतं. मंगळूरचं रडार त्या दिवशी बंद होतं, त्यामुळे विमानाला खाली यायची परवानगी उशिरा मिळाली. कॅप्टन ऐकत नसतील तर सहवैमानिकाने नेमकं काय करायचं, याबद्दल कंपनीच्या नियमपुस्तिकेत संदिग्धता होती. तीन वेळा सांगूनही त्या सहवैमानिकाने विमान ताब्यात का घेतलं नाही, हे विचारताना त्याच्या हाती कंपनीने कोणता ठाम अधिकार दिला होता, हेही विचारायला हवं.

कोझिकोडच्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांच्याबद्दल महाराष्ट्रात अपार हळहळ व्यक्त झाली. हवाई दलात नाव कमावलेला, दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेला हा माणूस. त्यांची चूक अहवालाने स्पष्ट नोंदवली आहे. ती झाकण्यात त्यांचा सन्मान नाही आणि सगळं खापर त्यांच्या माथी फोडण्यात न्याय नाही. इतका निष्णात वैमानिक चुकू शकतो, म्हणूनच त्याच्याभोवती भक्कम व्यवस्था लागते. ती तशी नव्हती. अपघाताच्या वेळी कंपनीच्या कोझिकोड तळावर सव्वीस सहवैमानिक होते आणि कॅप्टन एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघणारं विमान साठ्यांनाच न्यायचं होतं. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला, त्यांनी विमान वर नेलं, तो निर्णय योग्य होता. दुसऱ्या वेळी मात्र ते उतरलेच. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन होतं. पण कोझिकोडलाच परतण्याच्या ओढीमागे उद्याच्या उड्डाणाचं ओझं होतं आणि त्याचं मूळ कंपनीच्या मनुष्यबळाच्या धोरणात होतं, असं चौकशी करणाऱ्यांनीच लिहिलं आहे. पावसाळी रात्री, काही सेकंदांत घ्यायच्या निर्णयात कार्यालयातला ड्युटीचा तक्ता असा घुसतो.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. मंगळूरनंतर सरकारने नागरी हवाई सुरक्षेसाठी एक सल्लागार समिती नेमली. तिचे एक सदस्य कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी जून 2011 मध्ये लेखी इशारा दिला होता की, पावसात आणि मागून वारा असताना कोझिकोडच्या 10 क्रमांकाच्या धावपट्टीवर विमानं उतरवणं म्हणजे प्रवाशांचा जीव धोक्यात घालणं. नऊ वर्षांनी त्याच धावपट्टीवर, पावसात, मागून वारा असताना विमान कोसळलं. धावपट्टी ओलांडणाऱ्या विमानाला अडवून धरणाऱ्या खास पट्ट्याची शिफारस मंगळूरनंतर झाली होती. कोझिकोडला तो नव्हता. सहवैमानिकाचा ‘गो अराउंड’ कॉकपिटमध्ये ऐकला गेला नाही आणि रंगनाथन यांचा दिल्लीत.

वरिष्ठाला अडवणं कुणालाच सोपं नसतं. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं मेली. उड्डाणाची परवानगी मिळाली नसताना केएलएमच्या ज्येष्ठ कॅप्टननी विमान सोडलं. समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे का, अशी शंका फ्लाइट इंजिनीअरने बोलून दाखवली होती. कॅप्टननी ती उडवून लावली. अशा अपघातांतूनच कॉकपिटमध्ये बोलायचं कसं आणि ऐकायचं कसं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. ते आज जगभर सक्तीचं आहे. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, अस्थिर उतरणींपैकी जेमतेम तीन टक्क्यांत ‘गो अराउंड’ घेतला जातो. बाकीच्या बहुतेक वेळा विमान सुखरूप उतरतं आणि नियम मोडला तरी चालतं, हा धडा मनात पक्का होतो. हा धडा पुसायचं काम कंपनीचं आहे. प्रत्येक विमानातल्या फ्लाइट रेकॉर्डरमध्ये अशा उतरणीची नोंद असते. ती नियमित तपासायची, वैमानिकाशी बोलायचं आणि वर गेलेल्या वैमानिकाला इंधनाचा वा उशिराचा जाब विचारायचा नाही. कंपनी हे करते की नाही, हे पाहणं नियामकाचं काम.

हे जमू शकतं. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. वेग घटल्याचा इशारा देत हातातला दांडा थरथरू लागला, तेव्हा नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने तो मागे ओढला. जमिनीवरच्या एकासह पन्नास बळी गेले. चूक उघड होती. पण तपास पुढे गेला. कॅप्टन याआधी अनेक चाचण्यांत नापास झाला होता. सहवैमानिक तुटपुंज्या पगारावर काम करत होती आणि कामावर हजर व्हायला रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाहून आली होती. मृतांचे नातेवाईक वॉशिंग्टनला खेटे घालत राहिले, खासदारांच्या दारात बसले. 2010 मध्ये कायदा झाला. विश्रांतीचे नियम बदलले, सहवैमानिकासाठीही 1,500 तासांच्या उड्डाणाची अट आली, वैमानिकांच्या जुन्या नोंदी तपासणं कंपन्यांना बंधनकारक झालं. त्या अपघातानंतर जवळपास सोळा वर्षं अमेरिकेतल्या कुठल्याही प्रवासी कंपनीचं विमान इतकी माणसं घेऊन पडलं नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे? वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालणारे नियम बरीच रखडपट्टी होऊन, न्यायालयाच्या दट्ट्यानंतर अमलात येऊ लागले. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण या नियमांना पुरतील इतकी माणसं तिने ठेवलेली नव्हती. प्रवाशांचे हाल पाहून नियामकाने कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून काही आठवड्यांची सूट दिली. म्हणजे तयारी कंपनीने केली नाही आणि माघार विश्रांतीच्या नियमाने घेतली. ज्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांवर नजर ठेवायची, तिथली निम्म्याच्या आसपास पदं रिकामी असल्याचं 2025 मध्ये संसदीय समितीसमोर आलं. नियामक आणि अपघात तपासणारी संस्था, दोन्ही एकाच मंत्रालयाखाली आहेत. नियामकाचीच चूक असेल तर ती मोकळेपणाने कोण लिहिणार?

यात आपणही येतो. 12 जून 2025 ला अहमदाबादला विमान पडलं आणि प्राथमिक अहवाल येताच समाजमाध्यमांवर, वाहिन्यांवर कॉकपिटमधल्या दोघांपैकी दोषी कोण, याचे निवाडे सुरू झाले. मेलेला माणूस उत्तर देत नाही, त्यामुळे त्याला दोषी ठरवणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. कंपनीचा ताळेबंद वाचतो, अधिकाऱ्याची खुर्ची वाचते आणि आपल्यालाही पुढचं तिकीट निश्चिंत मनाने काढता येतं. तो चुकला, आता तो नाही, म्हणजे धोका संपला! मंगळूरनंतर आपण हेच मानलं आणि कोझिकोड घडलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक अपघाताच्या अहवालातल्या शिफारशींचं पुढे काय झालं, कोणती पाळली, कोणती टाळली आणि कुणाच्या सहीने टाळली, हे दरवर्षी संसदेत मांडलं जावं. तपास यंत्रणा मंत्रालयाच्या छत्राखालून बाहेर काढावी. थकलोय, आज उडणार नाही, असं म्हणणाऱ्या वैमानिकाचा रुपयाही कापला जाऊ नये. आणि पत्रकारांनी अपघाताच्या दिवशी जितकी जागा दिली, तिचा चौथा हिस्सा तरी अंतिम अहवालाला द्यावा. सहवैमानिकाने वरिष्ठाला थांबवण्याचं धैर्य दाखवावं, अशी अपेक्षा आपण ठेवतो. नियामकाने कंपनीला आणि नागरिकांनी नियामकाला थांबवण्याचं तेवढंच धैर्य दाखवलं, तरच त्या अपेक्षेला अर्थ आहे.