नाण्याला वास असतो काय?

रोमचा बादशहा व्हेस्पेशियन याने सार्वजनिक मुताऱ्यांतील मुत्रावर कर बसविला, तेव्हा त्याचा मुलगा तीतस याला ते ओंगळ वाटले. बापाने त्या करातले एक नाणे मुलाच्या नाकाशी धरून विचारले, याला वास येतो का? मुलगा म्हणाला, नाही. पैशाला वास नसतो, ही म्हण तेथून निघाली. हे पितापुत्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. मुलाने इ. स. ७० साली यरुशलेमचे मंदिर जाळले आणि बापाने त्या विजयाची नाणी पाडली. खजुराच्या झाडाखाली शोक करीत बसलेली यहूदी स्त्री त्यांवर आहे. ती नाणी आज लिलावात विकली जातात, आणि घेणाऱ्यांत आपले यहूदी बांधवही असतात. त्यात काही वावगे आहे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे कोलोन येथे उभा राहिला. जर्मनीतील या शहरी आमचे एक आतेभाऊ राहतात. त्यांना जुन्या इंग्रजी नाण्यांचा नाद आहे. तो कसा लागला हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ, फडक्यात बांधून ठेवलेले राणीछाप रुपये, एखाद्या घरी १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली, सालाच्या वर बारीक ‘आय’ अक्षर असलेली गिनी, हे पाहतच आपण वाढलो. आतेभावांच्या नातवाचा बार मित्स्वा जवळ आला होता. त्याला एक जुने नाणे द्यावे म्हणून ते आम्हाला लिलावाला घेऊन गेले.

नाण्यांच्या लिलावात सगळाच व्यवहार लाखांचा असतो असे नव्हे. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने १२५७ साली पाडलेल्या सोन्याच्या पेनीची जगात अवघी आठ नाणी माहीत आहेत. त्यांतले डेव्हनच्या शेतात सापडलेले एक जानेवारी २०२२ मध्ये ६,४८,००० पौंडांना गेले. पण त्याच्याच मुलाची, पहिल्या एडवर्डची, चांदीची पेनी साध्या पगारदारालाही परवडते, कारण ती उदंड पाडली गेली. आतेभावांचा डोळा अशाच एका पेनीवर होता. १२७९ साली सुरू झालेल्या नव्या छापाची ती होती.

आम्ही त्यांना त्या सालाची कथा सांगितली. १२७८ च्या नोव्हेंबरात एडवर्डने नाणी कातरण्याच्या आरोपाखाली इंग्लंडातील यहूदी कुटुंबप्रमुखांना सरसकट धरले. सहाशेंवर माणसे लंडनच्या किल्ल्यात कोंडली गेली आणि अडीचशेहून अधिक फासावर चढली. कातरण्याचा आरोप ख्रिस्ती सोनारांवरही होता, पण त्यांतले थोडेच मेले. मेलेल्यांची मालमत्ता राजाकडे गेली. मग नवे, स्वच्छ, गोल नाणे निघाले. पुढे १२९० साली राजाने सगळ्याच यहूद्यांना देशाबाहेर काढले. तो हुकूम निघाला तो दिवस आव महिन्याचा नववा, म्हणजे आपले वडीलधारे ज्याला बिरड्याचा सण म्हणत तोच उपासाचा दिवस होता.

कोलोनही या हिशेबातून सुटत नाही. रिचर्ड राजा जर्मनीत कैदेत पडला, तेव्हा त्याच्या सुटकेची चांदी कोलोनच्या मार्काने मोजून मागितली गेली. हा मार्क सुमारे २३३ ग्रॅमांचा, म्हणजे आपल्या वीस तोळ्यांइतका. त्या खंडणीसाठी इंग्लंडातील मूठभर यहूद्यांवर ५,००० मार्कांचा बोजा पडला. ११९४ साली राजा सुटला आणि घरी जाताना कोलोनला थांबला. त्याच शहरात १३४९ च्या ऑगस्टात एका रात्रीत यहूदी मोहल्ला जाळला गेला.

आतेभाऊ ऐकून घेत होते. मग म्हणाले, “दादा, असे म्हणू लागलो तर कोणते नाणे हातात धरावे? मुंबईचा रुपया तरी कोणता सोवळा?”

त्यांचे म्हणणे आम्हाला पटले. चांदी पाप करीत नाही. पाप माणूस करतो, आणि १२७९ चा तो माणूस गेला, ज्यांचे लुटले तेही गेले. या पेनीवर आज कोणाचा हक्क सांगता येईल? मिश्नाच्या बाबा मेत्सिया भागात सापडलेल्या वस्तूंचा विचार आहे. वाटेवर विखुरलेली नाणी ज्याला सापडतील त्याची, असे तेथे ठरविले आहे, कारण सुट्या नाण्याला धन्याची खूण नसते. एडवर्डची पेनी हे असेच विखुरलेले नाणे आहे. ते घेण्यात चोरी नाही. ते घेऊन इतिहास विसरणे मात्र वाईट, आणि मुलाच्या हातात देताना ती कथा सांगितली तर तेच नाणे धडा होते. त्यांनी बोली लावली आणि पेनी त्यांना मिळाली.

खरी अडचण पुढे आली. आणखी एका लॉटमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बारा गिन्या एका जुन्या मखमली पेटीत होत्या. प्रत्येकीखाली एकाच हस्ताक्षरातली चिठ्ठी होती, कोठे घेतली, किती किमतीला घेतली. शेवटची तारीख १९३१ ची. यादीत एवढेच छापले होते की हा ऱ्हाइनलँडमधील जुना संग्रह आहे. आतेभावांनी विचारले असता, अधिक माहिती नाही असे उत्तर सौजन्याने मिळाले.

आता त्याच मिश्नात पुढे काय आहे ते पाहा. तीच नाणी थैलीत असली, किंवा तीन नाणी एकावर एक रचलेली असली, तर सापडणाऱ्याने ती ठेवू नयेत, पुकारा करावा. का? नाणी आपली आपण रचली जात नाहीत. तेथे माणसाचा हात फिरलेला आहे, आणि तो माणूस त्यांना शोधत असेल. या बारा चिठ्ठ्या म्हणजे असाच रचलेला ढीग होता.

जर्मनीत फेब्रुवारी १९३९ मध्ये हुकूम निघाला, की यहूद्यांनी आपले सोने, चांदी, हिरे-मोती सरकारी गहाणपेढ्यांत आणून द्यावेत. त्याच्याही आधी, १९३७ च्या नोव्हेंबरात, ड्युसेलडॉर्फचे चित्रव्यापारी माक्स श्टेर्न यांना आपला संग्रह याच कोलोन शहरात लिलावात काढणे भाग पाडले होते. चित्र ओळखता येते, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर २००२ पासून त्यांच्या नावाने शोध सुरू झाला आणि काही चित्रे परत मिळाली. गिनीसारखी गिनी असते. पण चिठ्ठीवरचे हस्ताक्षर दुसऱ्यासारखे नसते.

ती पेटी कोणा यहूद्याची होती असे आम्ही म्हणत नाही. ती एखाद्या ख्रिस्ती डॉक्टरची असून नातवाने खुशीने विकली असेल. पण माहीत नव्हते. आतेभावांनी बोली लावली नाही. पेटी दुसऱ्याने घेतली, आणि आम्ही हात झटकून बाहेर आलो.

रात्री मात्र आम्हाला चैन पडेना. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात भावाची हरवलेली वस्तू परत करण्याची आज्ञा आहे, आणि ती पाहून न पाहिल्यासारखे करू नये, असाही तिचा स्पर्श न करणाऱ्यालाच लागणारा अर्थ आहे. न घेणे म्हणजे परत करणे नव्हे. आपले हात स्वच्छ राहिले, पण त्यात धन्याचे काय भले झाले? सकाळी आतेभावांनी माग्देबुर्ग येथील संस्थेला पत्र लिहिले. लुटलेल्या व हरवलेल्या अशा वस्तूंची नोंद ठेवण्याचे काम ती करते. त्यांनी लॉटचा क्रमांक, चिठ्ठ्यांचे वर्णन आणि यादीचे पान कळविले. याहून अधिक त्यांच्या हाती नव्हते. पण पुकारा झाला.

वाचकहो, आपल्यालाही यातून काही घेण्याजोगे आहे. देश सोडताना आपल्यातल्या कित्येकांनी घाईघाईने पुतळ्या मोडल्या, तांब्या-पितळेची भांडी विकली. कोणी लुटले नाही, म्हणून तक्रार नाही. पण जे उरले आहे ते चिठ्ठीवाचून ठेवू नका. ही पुतळी कोणाच्या गळ्यात होती, कोणत्या गावी, कोणत्या लग्नात घातली, हे दोन ओळींत लिहून तिच्याजवळ ठेवा. नाण्याला वास नसतो हे खरे आहे. म्हणूनच त्याच्याजवळ माणसाचे नाव लागते, नाहीतर ते विखुरलेले नाणे होते आणि ज्याला सापडेल त्याचे.