सगळे उभे राहा!

फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकाइतका असहाय प्राणी जगात दुसरा नसेल. पाठीमागून एक शीळ येते. शिक्षक वळून पाहतो, तो पन्नास चेहरे, आणि पन्नासही सारखेच निष्पाप. "कोण तो?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. मग पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ती आज्ञा सुटते, "सगळे उभे राहा!" नांदेडला काय आणि लातूरला काय, मी ती सारख्याच सुरात ऐकली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला आणि मानसिक छळाला बंदी केली. पण सबंध वर्गाची मधली सुट्टी बंद करताना आपण कोणाला छळतो आहोत, असे कोणाच्या मनातही येत नाही.

ही शिक्षा न्याय्य आहे काय, हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर जरा कडू लागेल. परंतु तो शाळेपुरता नाही. एकाने चकल्यांचा डबा रिता केला आणि आईने सगळ्याच भावंडांचा फराळ बंद केला, असे कोणत्या घरी घडलेले नाही?

या शिक्षेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि बोलणारे काही दुष्ट नसतात. ते म्हणतात, वर्ग म्हणजे कुटुंब. एकाच्या वागण्याची झळ सर्वांना लागते, हे मुलांना कळले पाहिजे. शिवाय शीळ कोणी घातली हे शेजारच्याला ठाऊक असतेच. तो गप्प बसला म्हणजे त्याचाही वाटा झाला. आणि मुख्य म्हणजे हा उपाय लागू पडतो. वर्ग शांत होतो.

शेजाऱ्याच्या गप्प बसण्याला कट म्हणावे की मैत्री, हे ठरवण्याआधी ज्याने त्याने आपली शाळा आठवावी. आणि शांततेविषयी म्हणाल, तर त्या शांततेत काय चाललेले असते हे पाहिले पाहिजे. खरा गुन्हेगार एकोणपन्नासांच्या आडोशाला सुखात असतो. गुणी मुलगी मनाशी हिशेब करते, की नीट वागले तरी हेच आणि न वागले तरी हेच. बाकीचे हळूहळू एकाकडे पाहू लागतात. तो शीळ घालणारा असतोच असे नाही. बहुधा तो गावाबाहेरच्या वस्तीवरून येणारा, ज्याच्या बाजूने कोणी बोलणार नाही असा मुलगा असतो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ती नजर अजून रद्द झालेली नाही.

दर १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, शाळाशाळांतून शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली जाते. ती अक्षरशः घडली असो वा नसो, महाराष्ट्राने ती उराशी धरली आहे. त्या मुलाने शेंगा खाल्लेल्या नाहीत, म्हणून टरफले उचलायला तो नकार देतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. पण २ ऑगस्टला एखादा मुलगा म्हणाला, "सर, मी शीळ घातलेली नाही, मी उभा राहणार नाही," तर आपण त्याला उद्धट ठरवतो. पुतळ्यातला बाणेदारपणा आपल्याला सोसतो, बाकावरचा सोसत नाही.

गटाचा दोष तो प्रत्येकाचा दोष, हा हिशेब मोठेपणी काय करतो, ते मराठवाड्याने पाहिले आहे. रझाकारांचे अत्याचार आमच्या आधीच्या पिढ्यांनी भोगले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करीत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाची राजवट संपली, आणि पुढच्या दिवसांत रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेली मुसलमान माणसे त्यांच्या पापासाठी मारली गेली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या अहवालात सर्वांत अधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद ही नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याच अहवालात असेही नमूद आहे, की कित्येक ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना जिवावर उदार होऊन वाचवले. त्यांना शेजारचा माणूस त्याच्या नावाने ठाऊक होता.

मधल्या सुट्टीची आणि त्या कत्तलीची बरोबरी मी करीत नाही. पण पाढा तोच आहे, आणि पाढे लहानपणीच पाठ होतात.

आता कोणी विचारील, मग सर्वांनी मिळून सोसावे असे काहीच नाही काय? आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा गावात शाळेच्या टाकीची तोटी कोणी उघडी टाकली, तर सगळ्या वर्गाने बादल्यांनी ती टाकी पुन्हा भरावी, आणि शिक्षकानेही बादली उचलावी. ही जबाबदारी झाली. त्याच वर्गाचा खेळाचा तास काढून घेतला, की ती शिक्षा झाली. खूण सोपी आहे. जबाबदारीत शिक्षक सामील होतो. शिक्षेत तो खुर्चीवर बसून राहतो.

शिक्षा वाटून घेण्यातही थोरपणा असू शकतो. १९३८ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा इतरही विद्यार्थी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कित्येकांना शिक्षणासाठी हैदराबाद सोडावे लागले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच. तीही मुले उभीच राहिली होती, पण आपण होऊन. जे आपण होऊन केले तर त्याग ठरते, तेच दुसऱ्याने लादले की अन्याय होतो.

वर्गात पन्नास नावे असतात. हजेरी घेताना आपण ती एकेक करून घेतो; "सगळे हजर" असे लिहून कोणी मोकळे होत नाही. शिक्षाही तशीच एकेकाच्या नावाने द्यावी, आणि ज्या दिवशी नाव सापडणार नाही, त्या दिवशी ती राहू द्यावी. एक गुन्हा शिक्षेवाचून राहिला म्हणून शाळा बुडत नाही.