छापाची पाठ

लहानपणी जमवलेल्या वस्तू चौकटीत बसवून भिंतीवर लावाव्यात की नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता घरसजावटीचा. मला तो नीतीचाही वाटतो. मित्रांशी अदलाबदल करून जे मिळवले, ते मोठेपणी काचेमागे बंद करून ‘माझा संग्रह’ म्हणून मिरवावे का?

माझ्यापुरता हा प्रश्न काडेपेटीच्या छापांचा आहे. लाकडी सालपटाच्या पेटीवरचा कागद पाण्यात भिजवून अलगद सोडवायचा, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बाजारात आणायचा. जहाज, घोडा, चावी, वाघ. दोन जहाजांना एक घोडा हा भाव कोणी ठरवला होता देव जाणे, पण तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती.

1922 साली अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे काडेपेटीचे तंत्र शिकायला शिवकाशीहून कोलकत्याला गेले. पुढे शिवकाशीचा माल अनेक भाषांच्या मुलखांत खपू लागला. अक्षर न वाचताही गिऱ्हाइकाला पेटी मागता यावी, म्हणून चित्र हेच तिचे नाव झाले. आम्हा सीमाभागातल्या पोरांना ते फार सोयीचे पडले. मी मराठी शाळेत, शेजारचा मुलगा कन्नड शाळेत. घोडा मात्र दोघांचा एकच. तो छापाच्या पाठीवर पेन्सिलीने आपल्या नावाचे पहिले कन्नड अक्षर लिही, मी माझे मराठी. छाप हातचा गेला तरी अक्षर कोणी खोडत नसे. काही छापांच्या पाठीवर अशी तीन-तीन अक्षरे आहेत.

चौकट करताना नेमकी हीच बाजू भिंतीकडे जाते. कारखान्याचे चित्र दिसते, मुलांची अक्षरे झाकली जातात. फेव्हिकॉल लावला तर ती कायमचीच गेली. पारदर्शक चिकटपट्टी त्याहून वाईट. काही वर्षांत तिचा पिवळा डाग कागदात उतरतो. म्हणून माझे मत असे, की जे पुन्हा सोडवता येणार नाही ते करूच नये. योगायोगाने तोच मार्ग स्वस्तही आहे.

जुन्या बाजारात 12 बाय 18 इंचांची लाकडी चौकट मिळाली. काच नवी घातली. तळाला सुती चिंध्यांचा हातकागद. साधा पुठ्ठा पिवळा पडतो आणि सोबत छापालाही पिवळा करतो. जुन्या फोटो-अल्बममध्ये असत तसे कागदी कोपरे कापले: 30 छाप, म्हणजे 120 कोपरे. गोंदाचा थेंब लागतो तो कोपऱ्याला, छापाला नाही. काच आणि छाप यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी हवीच, नाहीतर आमच्याकडच्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटून बसतो. ऊन येणारी भिंत टाळावी. लाल रंग उन्हात लवकर उडतो. खर्च 300 रुपयांच्या आत राहिला. दोन रविवार गेले, ते हिशेबात धरलेले नाहीत.

एका स्नेह्यांनी टोकले, ‘‘मुलांना पतंजलींचे पाच यम सांगता, त्यात अपरिग्रह आहे ना?’’ आहे. पण अपरिग्रह वस्तू मोजून ठरत नाही. जी वस्तू दुसऱ्याला हाताळू द्यायची आपली तयारी नाही, तिचाच परिग्रह झाला, असे मी समजतो. गल्लीतल्या त्या बाजारात आम्ही पोरे लोभी होतो, भांडखोरही होतो. तरी छाप कोणापाशी फार दिवस टिकत नव्हता. आता त्याला फिरायला जागाच नाही. 14 वर्षे 1 रुपयाला असलेली काडेपेटी 1 डिसेंबर 2021 पासून 2 रुपयांची झाली. तिचे चित्र पुठ्ठ्यावरच छापलेले असते, सोडवायला काही उरलेले नाही. उरलेले छाप जपावेत हे मला मान्य आहे, फक्त कुलूप नको.

म्हणून चौकटीच्या मागे खिळ्यांऐवजी फिरत्या पितळी पट्ट्या लावल्या आहेत. कोणी विचारले की चौकट खाली काढायची, मागची फळी उघडायची आणि छाप हातात द्यायचा. दुबार छाप पत्र्याच्या डब्यातच ठेवले आहेत, घरी येणाऱ्या मुलांसाठी. एक घोडा मात्र मी मुद्दाम पाठ वर करून लावला आहे. येणारे-जाणारे सांगतात, ‘‘सर, एक उलटा लागलाय.’’ आमच्याकडे कन्नड वाचणारे बरेच येतात. ते जवळ जाऊन अक्षर वाचतात आणि हे कोण म्हणून विचारतात.