आधी माणसे, मग साखळी

नाशिक शहर चारी दिशांना वाढते आहे; पण गंगापूर रोड आणि त्र्यंबक रोड या दोन वाटांनी ते पश्चिमेकडे विशेष वेगाने सरकते आहे. द्राक्षांच्या मांडवांच्या जागी इमारती आल्या, इमारतींच्या पुढे बंगले आले आणि बंगल्यांच्या पुढे आता फार्महाऊस प्लॉटच्या पाट्या लागल्या आहेत.

याच गंगापूर रोडवर एक आबा राहत होते. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांनी उभी नोकरी केली होती. नाशिक जिल्ह्यातल्या किती शिवारांच्या हद्दी त्यांनी पायी तुडवल्या होत्या, याची गणती नव्हती. त्यांचा नातू जमिनीच्या व्यवहारात नुकताच पडला होता. मुलगा कष्टाळू होता, खोटे बोलणारा नव्हता. पण लवकर मोठे होण्याची घाई त्याला होती.

एका संध्याकाळी तो फोन घेऊन आबांजवळ बसला. “आबा, हे बघा. गिरणारे गावाच्या पुढे, हरसूलच्या बाजूला, वीस एकरांचा तुकडा. वरून काढलेल्या फोटोत काहीच दिसत नाही. घर नाही, विहीर नाही, बाग नाही. नुसती रिकामी पडलीय. मध्यस्थ म्हणतो, कागदांचं तो बघून घेईल.”

आबांनी चष्मा लावला. “फोटो कोणत्या महिन्यातला?”

“मार्च-एप्रिलचा असावा. सगळं तपकिरी आहे.”

“अरे, नागली-वरईचं रान त्या दिवसांत तपकिरीच दिसतं. पावसावरचं पीक दिवाळीच्या सुमाराला घरात येतं. त्यानंतर जून उजाडेपर्यंत तिथं काय दिसणार? तू रिकामी म्हणतोस ती जमीन विश्रांती घेत असेल.”

नातू म्हणाला, “आबा, पण सगळीकडे असंच होत आलंय. अमेरिका बघा ना. तेरा राज्यांचा एवढासा देश. पश्चिमेकडे सरकत गेला आणि जगात पहिला झाला. पुढे सरकतो तोच मोठा होतो.”

आबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि लोखंडी कड्यांची एक जुनी साखळी घेऊन आले. ती त्यांच्या वडिलांकडून आली होती. “तू अमेरिकेचं नाव काढलंस ते बरं केलंस. ही आपली मोजणीची साखळी. 33 फूट लांब, सोळा आण्यांची. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. अमेरिका ज्या साखळीनं मोजली ती 66 फुटांची, आपल्या बरोबर दुप्पट. दोन्हींचं मूळ एकच, इंग्रजांची मोजणी. त्यामुळे त्या देशाची गोष्ट माझ्यासारख्या मोजणीदाराला चांगली कळते.”

आणि आबा सांगू लागले.

“1776 साली तेरा वसाहतींनी इंग्रजांचं जू झुगारलं. 1783 साली इंग्लंडनं त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. देश तरुण, तिजोरी रिकामी, आणि पश्चिमेला डोंगरापलीकडे अफाट मुलूख. 1785 साली त्यांनी कायदा केला : जमीन मोजायची, सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे, प्रत्येकाचे छत्तीस भाग करायचे. एक भाग 640 एकरांचा. त्यातला सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवायचा. गाव वसायच्या आधी शाळेची सोय! हे त्यांचं मोठेपण मी मनापासून मानतो.

“दोन वर्षांनी, 1787 साली, आणखी एक कायदा झाला. त्यात त्यांनी वचन दिलं, की तिथल्या मूळ रहिवाशांशी सचोटीनं वागू आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन घेणार नाही. शब्द सुंदर होते. पण पुढं काय झालं ते ऐक.

“1803 साली फ्रान्सनं मिसिसिपी नदीपलीकडचा मुलूख विकायला काढला. अमेरिकेनं दीड कोटी डॉलरना तो घेतला आणि देश एका सहीनं जवळजवळ दुप्पट झाला. विकणारा पॅरिसमध्ये, घेणारा वॉशिंग्टनमध्ये. त्या जमिनीवर ज्यांची गावं होती, शिकारीची रानं होती, पूर्वजांची थडगी होती, त्यांना कुणी विचारलंही नाही. तुझा मध्यस्थ तरी काय वेगळं करतोय?”

नातू गप्प राहिला.

“चेरोकी नावाचा एक समाज होता. लोक म्हणायचे, हे रानटी आहेत, यांना शेती कळत नाही, लिहिता येत नाही. मग त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसानं स्वतःच्या भाषेसाठी लिपी तयार केली. 1827 साली त्यांनी स्वतःची राज्यघटना लिहिली, 1828 साली स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. शेती होती, गिरण्या होत्या, शाळा होत्या. जे जे मागितलं ते ते त्यांनी करून दाखवलं. तेवढ्यात त्यांच्या मुलखात सोनं सापडलं. जॉर्जिया राज्यानं मोजणीदार पाठवले. माणसं घरात राहत असताना त्यांच्या शेतांचे तुकडे पाडले आणि 1832 साली सोडत काढून ते गोऱ्यांना वाटून टाकले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की जॉर्जियाचे कायदे चेरोकींच्या मुलखात लागू होत नाहीत. निकाल कागदावर राहिला. 1838 साली सैन्यानं त्यांना घराबाहेर काढलं आणि शेकडो मैल पश्चिमेला नेलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसं गेली असं मानतात.”

आबा थोडे थांबले. “मी आयुष्यभर साखळी ओढली. साखळीचा दोष नसतो, बाळा. मोजणीदारानं शेत मोजलं आणि शेतात उभं असलेलं माणूस नकाशावर दाखवलं नाही, हा दोष.”

“आबा, पण देश तर घडला ना? रेल्वे आली, कालवे आले, लाखो गरिबांना जमीन मिळाली.”

“मिळाली. 1862 साली तिथं कायदा झाला, की पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर द्यायची. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व आपणही कूळकायद्यात आणलंच. 1869 साली त्यांची रेल्वे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जोडली गेली. त्याच 1869 साली आपला नाशिक जिल्हाही वेगळा झाला. त्यांनी गुलामगिरी मोडली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपलं ‘गुलामगिरी’ पुस्तक अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केलं. चांगलं ते घ्यावंच. पण वाढ होण्यासाठी दुसऱ्याला उठवावंच लागतं, हे मात्र खोटं. 1787 चं वचन पाळलं असतं तर तो देश हळू वाढला असता, पण त्याच्या इतिहासावर हा डाग राहिला नसता.

“आणि हे सगळं तिकडचंच आहे असं समजू नकोस. इकडं सह्याद्रीत राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले आणि 1848 साली ठाण्याला फासावर गेले. 1878 च्या जंगल कायद्यानं रानं राखीव झाली. ज्यांचे आजे-पणजे तिथं राब भाजून नागली पेरत होते, ते आपल्याच शेतात अतिक्रमण करणारे ठरले. उद्या आपण दोघं त्या जमिनीवर जाऊ. व्यवहार कर किंवा करू नकोस; पण आधी बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा-नातू निघाले. गिरणारे मागे पडले, डांबरी रस्ता अरुंद झाला, डोंगर जवळ आले. फोनवरच्या खुणेपाशी गाडी थांबली. रान उघडेच होते. पण बांध घातलेले होते आणि त्यांचे दगड नीट रचलेले होते. एका कोपऱ्यात राबासाठी पालापाचोळा पसरून ठेवलेला होता. हद्दीवर शेंदूर लावलेला वाघदेव होता. मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी फुले वेचत होती.

“राम राम, बाई. हे रान कुणाचं?” आबांनी विचारले.

“आमचं, बाबा. सासऱ्यानं फोडलं, आम्ही कसतो.” तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणले. वनहक्काचा दावा होता. चार एकरांचा मागितला होता, मंजूर दीड एकराचा झाला होता. बाकीच्या जमिनीसाठी अपील करायचे होते. पण मोजून नकाशा करून द्यायला कोणी नव्हते. शेजारच्या घरांचीही हीच कथा होती. मध्यस्थाने रिकामे सांगितलेले वीस एकर म्हणजे अशा सहा घरांची रोजची भाकरी होती.

नातवाने हळूच विचारले, “आजी, तुम्ही यासाठी कुठं गेला होतात का?”

“गेलो ना. मुंबईला गेलो. पायी.”

2018 च्या मार्च महिन्यात किसान सभेच्या लाल झेंड्याखाली नाशिकहून निघालेला तो मोर्चा होता. 6 तारखेला निघून हजारो आदिवासी शेतकरी सुमारे 180 किलोमीटर चालत 12 तारखेला आझाद मैदानावर पोहोचले. त्यांच्या प्रमुख मागण्यांत वनजमिनीचा हक्क होता.

“तिथं शेवटच्या रात्री पाय सोलवटले होते,” म्हातारी म्हणाली. “निजावं वाटत होतं. पण सकाळी पोरांची धाव्वीची परीक्षा होती. आम्ही दिवसा रस्त्यात असलो तर पोरं कशी पोहोचतील? म्हणून रातोरात चाललो.”

नातू खाली बघत राहिला. ज्यांच्या नावावर धड चार एकर नाहीत, त्यांनी अनोळखी शहरातल्या अनोळखी मुलांचा वेळ वाया जाऊ दिला नव्हता. आणि तो स्वतः त्यांना न विचारता त्यांची जमीन विकायला निघाला होता.

त्याने मध्यस्थाला तिथूनच फोन लावला. “तुकडा रिकामा नाही. मी या व्यवहारात नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या गळ्यातही हा बांधू नका. वनहक्काची जमीन विकता येत नाही, आणि आदिवासींच्या मालकीची जमीनही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही.”

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी गाडीत आबा होते, टेप होती आणि जुनी साखळीही होती. गावातल्या वनहक्क समितीला बरोबर घेऊन सहाही घरांची शेते मोजली गेली. बांध, वाघदेव, मोहाची झाडे, जुनी विहीर, सगळे कच्च्या नकाशावर आले. वयस्कर माणसांचे जबाब लिहून घेतले, कारण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत ज्येष्ठांचे जबाब पुरावा म्हणून धरले जातात. त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने मान्य केले आहे. अपिलाचे कागद पूर्ण झाले. नातवाने त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढे त्याने जमिनीचा धंदा सोडला नाही. पण एक नियम घालून घेतला. कुठलाही तुकडा घेण्याआधी तो पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा स्वतः बघायचा, सात-बाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाचायचा आणि गावात बसून विचारायचा, ‘इथं कोण कसतं?’ त्याचे व्यवहार कमी झाले. पण त्याने विकलेल्या जमिनीवरून कुणी कोर्टात गेले नाही. लोक आपणहून त्याच्याकडे येऊ लागले.

तात्पर्य : पुढे सरकणाऱ्याने आधी तिथे कोण उभे आहे ते पाहावे. दूरच्या कागदावर जी जमीन रिकामी दिसते, ती बहुधा न पाहिलेल्या माणसांची असते. देश असो, शहर असो वा घर, दुसऱ्याला उठवून मिळवलेली वाढ पुढच्या पिढ्यांना फेडावी लागते. विचारून, वाटून घेतलेली वाढ टिकते.

वाचकहो, नाशिकच्या पश्चिमेला प्लॉट बघायला जाल तेव्हा बांधावर भेटणाऱ्या पहिल्या माणसाला एवढे जरूर विचारा : हे रान कुणाचे? उत्तर ऐकून घ्या, आणि मगच साखळी काढा.