शिकणारा हात आणि रुग्णाची अमानत

क्षयरोग होऊन गेलेल्या एखाद्या माणसाच्या खोकल्यातून अचानक रक्त पडू लागते आणि थांबत नाही, तेव्हा घरातील माणसे त्याला घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे धावतात. पुष्कळदा तिथे त्याची छाती उघडावी लागत नाही. त्याला क्ष-किरणांच्या यंत्राखाली झोपवले जाते. जांघेतील धमनीत सुई टोचून, सुईतून बारीक तार आणि तारेवरून पोकळ नळी सरकवत, पडद्यावरील चित्राच्या आधारे डॉक्टर फुप्फुसातील रक्तस्रावी धमनीपर्यंत पोहोचतो व सूक्ष्म कण सोडून ती आतून बंद करतो. रुग्ण बहुधा जागाच असतो. केवळ टोचलेली जागा बधिर केलेली असते. वैद्यकाच्या या शाखेला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात.

वाचकहो, ती नळी ज्याच्या हातात आहे तो डॉक्टर अजून शिकत असेल तर? शिकवणाऱ्या रुग्णालयात असे घडतेच. आपल्या देशात एमबीबीएसनंतर तीन वर्षे रेडिओलॉजीची एमडी आणि त्यानंतर या शाखेची तीन वर्षांची डीएम, असा एक मार्ग आहे. ग्रंथ वाचून धमन्यांची नावे पाठ होतात, प्रतिकृतीवर हात बसतो. परंतु जिवंत माणसाच्या धमनीत पहिली सुई कधीतरी टोचावीच लागते. ज्याच्या देहावर दुसऱ्याचे शिक्षण होते, त्या रुग्णाचे हक्क कोणते? ही बाब इस्लामच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की शिकणे टाळता येत नाही. एक जीव वाचविणे म्हणजे जणू समस्त मानवजातीला वाचविणे, अशी शिकवण कुरआन देतो (५:३२). इमाम गझाली (रह.) यांनी वैद्यकविद्येची गणना फर्ज-ए-किफायामध्ये, म्हणजेच समाजातील काहींनी तरी पार पाडलीच पाहिजे अशा कर्तव्यात केली आहे. आज निवासी डॉक्टरांना शिकू दिले नाही, तर वीस वर्षांनी आपल्या नातवंडांवर उपचार करणारा अनुभवी हात येईल कोठून? १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या महिलेची अरुंद झालेली पायाची धमनी नळीने रुंद केली आणि कापावा लागणारा पाय वाचविला. पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या त्या वृद्धेने नव्या उपचाराला आपला देह दिला. त्याचा लाभ आज जगभरचे रुग्ण घेत आहेत.

परंतु शिकण्याची गरज आहे म्हणून काहीही क्षम्य ठरत नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या मुळातूनच कधी कधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक अतिशय बारीक धमनी निघते. पडद्यावर ती केसांच्या पिनेसारखी वळलेली दिसते. ती न ओळखता कण सोडले, तर खोकल्यातील रक्त थांबेल, पण रुग्णाचे दोन्ही पाय लुळे पडू शकतात. म्हणून या विद्येत हात केव्हा थांबवावा, हेही शिकावे लागते. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये. कान, डोळे व हृदय या प्रत्येकाविषयी विचारणा होणार आहे, असा इशारा कुरआनने दिला आहे (१७:३६). वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार राहील, असा आशय अबू दाऊदमधील हदीसमध्ये आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाचे महान शल्यविशारद अल-झहरावी यांनीही आपल्या ग्रंथात एका अज्ञानी वैद्याची हकीकत नोंदविली आहे. त्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना धमन्या छेदल्या आणि ती तेथेच रक्तस्रावाने मरण पावली.

म्हणून पहिली अट देखरेखीची. शिकणाऱ्या हाताशेजारी जाणता हात उभा असला पाहिजे. वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या खोलीत चहा घेत असेल आणि निवासी डॉक्टर एकटाच धमनी शोधत असेल, तर त्याला शिक्षण म्हणता येणार नाही. ती अमानतीतील खयानत होय.

दुसरी अट सत्याची. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारून फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, असे प्रेषितांनी (स.) बजावले. संमतिपत्रावर वरिष्ठांचे नाव आणि चादरीआड नवख्याचा हात, हाही वर कोरडे आणि आत ओले असाच ढीग नव्हे काय? "मी शिकतो आहे, माझे सर शेजारी उभे आहेत, तुमची परवानगी आहे का?" एवढे वाक्य रुग्णाच्या भाषेत बोलण्यास अर्धे मिनिट पुरते. रक्तस्राव जोरात असेल आणि विचारण्यास सवड नसेल, तेव्हा तर जाणत्या हाताची जबाबदारी अधिकच वाढते.

तिसरी अट मर्यादेची. उपचाराच्या गरजेपोटी देह उघडा करावा लागतो. शरीअतने ती मुभा गरजेपुरतीच दिली आहे. जांघ उघडी असताना पाहण्यासाठी किती विद्यार्थी उभे राहतील, हे रुग्णाला, विशेषतः स्त्रीला, विचारूनच ठरले पाहिजे. ती गरीब आहे म्हणून तिची लज्जा स्वस्त होत नाही.

आता आपल्याकडे वळू या. आपल्यापैकी ज्यांची ओळख असते ते चिठ्ठी आणतात, फोन करवितात: "आमच्या अब्बांना मोठ्या डॉक्टरांनीच हात लावावा." ही माया स्वाभाविक आहे. परवानगी नाकारण्याचा हक्कही प्रत्येक रुग्णाला आहे. पण तो हक्क ओळख असलेल्यालाच मिळत असेल, तर शिकण्याचा सारा भार ज्याला वशिला नाही त्याच्याच देहावर पडतो. समाजाला कुशल डॉक्टर हवेत, मात्र ते दुसऱ्याच्या बापावर शिकून यावेत, ही इच्छा न्यायाची नाही. जे स्वतःसाठी पसंत करावे तेच भावासाठी पसंत करणे ही ईमानाची खूण आहे. रुग्णालयाच्या दारात ती शिकवण बदलत नाही. तेव्हा देखरेख चोख असेल आणि सत्य सांगितले जात असेल, तर आपणही आपल्या माणसाला विचारून होकार द्यावा. तो होकार सदका ठरावा, अशी अल्लाहकडून आशा बाळगावी.

आणि ज्यांची मुलेमुली आज निवासी डॉक्टर आहेत, त्यांनी रात्रपाळीहून परतलेल्या मुलाला आज किती केसेस केल्या, हे जरूर विचारावे. सोबत हेही विचारावे: ज्याच्यावर शिकलास त्याला सांगितले होतेस का? त्याच्यासाठी दुआ केलीस का? परलोकात तो रुग्ण आपला हक्क मागेल, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे तयार असली पाहिजेत.