काका हाथरसींच्या सहा ओळी

उत्तर प्रदेशातले हाथरस हिंगासाठी आणि नौटंकीसाठी प्रसिद्ध. तिथे १८ सप्टेंबर १९०६ रोजी प्रभुलाल गर्ग यांचा जन्म झाला. मूल पंधरा दिवसांचे असतानाच प्लेगने वडील गेले आणि आईने माहेरच्या आधाराने त्याला वाढवले. पुढे एका नाटकात त्यांनी काकाची भूमिका केली आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले.

कविसंमेलनातली पांढरी दाढी एवढीच काकांची ओळख आपल्याकडे उरली आहे. हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण छंदाची एवढी पक्की जाण असलेला विनोदी कवी विरळा. त्यांचे आवडते वृत्त कुंडलिया. ओळी सहा. पहिल्या दोन दोह्याच्या, पुढच्या चार रोला छंदातल्या. दोह्याचा शेवटचा चरण तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी पुन्हा येतो. गिरिधर कविरायांनी या वृत्तात नीती सांगितली. काकांनी त्यात हसू भरले. सभेत हा पुन्हा येणारा चरण मोठे काम करतो. हशा ओसरेपर्यंत कवीला थांबता येते, आणि मागच्या रांगेतल्याचे काही ऐकायचे राहिले असेल तर तेही त्याच्या कानावर पडते. पाचव्या ओळीत, तुकोबांच्या अभंगासारखी, काकांची नाममुद्रा. पहिल्या शब्दानेच शेवट करायचा, हा जुना नियम मात्र ते अनेकदा सोडून देत. त्यामुळे सहावी ओळ मोकळी राही, आणि खरा टोला तिथेच बसे.

नाव आणि माणूस यांच्यातल्या विसंगतीवरची त्यांची कविता गाजली. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ती समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'पासून विडंबनाची थोर परंपरा आहे, पण विडंबनाची गोडी कळायला मूळ कविता ठाऊक असावी लागते. काकांना श्रोत्याकडून तेवढीही तयारी नको होती. दोह्याची चाल नौटंकीने त्याच्या कानात आधीच बसवली होती.

याच माणसाने १९३२ साली हाथरसला 'संगीत कार्यालय' काढले आणि १९३५ पासून 'संगीत' मासिक सुरू केले. घराण्यांच्या कडीकुलपात राहिलेली विद्या छापून कोणाच्याही हाती पडू लागली. पंडित भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली. तिचा हिंदी अवतार वाचकांपुढे आला तो हाथरसहून. 'वसंत' या नावाने निघालेले 'संगीत विशारद' वाचून परीक्षेला बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल की वसंत म्हणजेच काका? मला ही दोन कामे वेगळी वाटत नाहीत. राग असो की कविता, ती चार जाणकारांच्या बैठकीत अडकून राहू नये, हीच त्यांची आयुष्यभराची तळमळ.

१९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ सप्टेंबर १९९५ ला, वाढदिवशीच, ते गेले. कोणी रडू नये, ही त्यांची इच्छा होती. अंत्ययात्रा उंटगाडीवरून निघाली आणि स्मशानात हास्य कविसंमेलन झाले. हा किस्साच तेवढा सांगितला जातो आणि कविता मागे पडते.

ज्यांच्या घरी गाण्याच्या परीक्षेचे हाथरसचे पुस्तक अजून असेल, त्यांनी काकांच्या दोन-चार कुंडलिया मिळवून मोठ्याने वाचाव्यात. नुसत्या डोळ्यांनी वाचू नयेत. त्या कानासाठी लिहिल्या आहेत.