धीर की दिरंगाई?



रविवारची मराठी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात आपण थोडा वेळ रेंगाळतो. कोणी वसईचे, कोणी नगरचे, कोणी जालन्याचे. पोटापाण्यासाठी आपण नवी मुंबईत आलो. नातलग दूर राहिले, म्हणून आवारातली ही दहा मिनिटे हेच आपले गणगोत. अशा वेळी कोणीतरी एखाद्या अडीच वर्षांच्या बाळाला कौतुकाने विचारते, "नाव काय रे तुझं?" बाळ गप्प. आईच घाईघाईने उत्तर देते आणि तिचा चेहरा उतरतो. मग आपण तिची समजूत घालतो, "अगं, याचा बापही उशिराच बोलला. देवावर भरवसा ठेव."

हे शब्द प्रेमाचेच असतात. पण ते नेहमी योग्य असतात का?

आपले म्हणणे अगदी खोटे नसते. उशिरा बोलणारी काही मुले पुढे आपोआप बरोबरीला येतात. परंतु कोणते मूल येईल आणि कोणते मागे राहील, हे घरबसल्या कळत नाही. साधारण वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत 'पाणी दे', 'बाबा आले' अशी दोन शब्दांची जोडी, ही वाढीची खूण मानली जाते. ती दिसत नसेल, बाळ हाकेला वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा आलेले शब्द हरवू लागले असतील, तर वाट पाहू नये. भाषा उचलण्याची सर्वात मोठी शक्ती पहिल्या काही वर्षांतच असते.

नीतीचा प्रश्न येथेच आहे. तपासणी केली आणि काही निघाले नाही, तर आपला एखादा दिवस आणि थोडे पैसे जातात. थांबलो आणि काही निघाले, तर मुलाची वर्षे जातात. निर्णय आपण घेतो, किंमत ते मोजते. स्वतःच्या दुःखात धीर धरणे हा सद्गुण खरा. पण ज्याला मागताच येत नाही त्याच्या गरजेपुढे थांबून राहणे, याला धीर कसे म्हणावे? पुष्कळदा ती भीतीच असते. लोक काय म्हणतील, डॉक्टर काय सांगतील, घरचे कोणाला बोल लावतील, याची भीती.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील ७ व्या अध्यायात बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या माणसाची कथा आहे. तो स्वतःहून येत नाही. लोक त्याला घेऊन येतात आणि त्याच्यासाठी विनवणी करतात. येशू त्याला गर्दीपासून बाजूला नेतो, म्हणजे त्याचे प्रदर्शन मांडत नाही. आधी तो कानांत बोटे घालतो, मग जिभेला स्पर्श करतो आणि 'इफ्फाथा' म्हणतो. आजचे तज्ज्ञही आधी कानांचीच तपासणी करायला सांगतात. स्वर्गाकडे पाहणे आणि हाताने स्पर्श करणे या दोन गोष्टी प्रभूने वेगळ्या केल्या नाहीत. मग प्रार्थना आणि उपचार यांत आपण भांडण का लावावे?

आपल्या ख्रिस्तसभेनेही ते लावले नाही. १८८० च्या दशकात मुंबईचे बिशप लिओ मेउरीन यांनी मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. भारतातील अशा शाळांत ती सर्वात जुनी मानली जाते.

कोणी म्हणेल, "देवाने जसे दिले तसे मूल स्वीकारावे." अगदी खरे. उपचाराने प्रत्येक मूल घडाघडा बोलेलच, असे नाही. एखादे खुणांनी वा चित्रांनी मन मोकळे करील. तेही देवाचेच लेकरू, तसूभरही उणे नाही. पण स्वीकारणे म्हणजे त्याला मदतीशिवाय सोडणे नव्हे. त्याच्या मनात काय आहे ते ऐकण्याची वाट शोधणे, हाच खरा स्वीकार.

त्यात आईला दोष देऊ नये. घरात मराठीबरोबर कोकणी किंवा हिंदी बोलली जाते म्हणून वाचा अडत नाही; मायबोली सोडण्याची गरज नाही. वाचा-उपचार म्हणजे बहुतांशी खेळच. तज्ज्ञाकडचा वेळ थोडा, खरे काम घरी. आंघोळ घालताना वस्तूंची नावे घ्यावी, चित्रे दाखवावी, मोबाईल बाजूला ठेवावा आणि प्रश्न विचारल्यावर मुलाच्या उत्तरासाठी थांबावे. धीर धरण्याची जागा ही!

मार्गदर्शनासाठी वाशीला महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र आहे. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवणाचे काम करीत आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयातही हा विभाग आहे.

पुढच्या रविवारी आवारात तो चिमुकला भेटला, तर त्याच्या आईला नुसता धीर देऊ नका. "तपासणीला कधी जायचं? मी येते सोबत," असे म्हणा. किंवा तिच्या थोरल्या मुलाला दोन तास आपल्या घरी सांभाळा. त्या माणसाला येशूकडे नेणाऱ्यांची नावे शुभवर्तमानात नाहीत. ती जागा आपल्यासाठी मोकळी आहे.